७२ विजयांचे बुल्स की ७३ विजयांचे वॉरियर्स?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये एका हंगामातला सर्वात सरस संघ कोणता? आकडे बघाल तर गोल्डन स्टेट वॉरियर्सच सरस. २०१५-१६ मध्ये ८२ पैकी ७३ सामने खिशात, त्यातले पहिले २४ सलग! त्यांच्या स्टीफन करीचे तीन गुणांचे बास्केट तब्बल ४०२. शिकागो बुल्सचे १९९५-९६ मधले विजय ७२. पण जॉर्डन, पिपेन आणि प्रत्येक रिबाउंडवर (बास्केट हुकून परतलेल्या चेंडूवर) तुटून पडणारा रॉडमन यांनी सातपैकी चार सामने जिंकायच्या अंतिम फेरीत सिएटलला ४-२ असं हरवून विजेतेपद मिळवलं. वॉरियर्स मात्र त्यांच्या अंतिम फेरीत क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ नं पुढे असूनही हरले. सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या इग्वाडालाचा हातातोंडाशी आलेला लेअप (बास्केटजवळून टाकलेला चेंडू) क्लीव्हलँडच्या लेब्रॉननं मागून झेपावत बोर्डावर दाबला, तिथंच माझं मत बुल्सला. गंमत म्हणजे स्टीव्ह कर दोन्हीकडे होता. बुल्सचा खेळाडू, वॉरियर्सचा प्रशिक्षक.