मुकुंदराजांच्या दरीतून : सोलापूरहून अंबाजोगाईचे एक दिवसाचे पदभ्रमण

आमच्या शहरातील एका भटकंती मंडळाने ऑक्टोबरमध्ये अंबाजोगाई परिसरात एक दिवसाचे साहित्य-पदभ्रमण आयोजित केले होते. सोलापुरातून अशा सहली क्वचितच निघतात, म्हणून पुढील फेरीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माणशी 1,450 रुपये शुल्कात बसप्रवास, नाश्ता, जेवण आणि स्थानिक वाटाड्या यांचा समावेश होता. चार हुतात्मा पुतळ्याजवळून पहाटे 4.30 वाजता सुटणारी बस 40 मिनिटे उशिरा निघाली आणि तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, कळंब या मार्गाने आम्ही साडेनऊच्या सुमारास अंबाजोगाईत पोहोचलो. सकाळच्या त्या 40 मिनिटांची किंमत संध्याकाळी मोजावी लागली, ते पुढे सांगतो.

ज्वारीच्या सपाट रानांची सवय असलेल्या आम्हा सोलापूरकरांना बालाघाट डोंगररांगेचे पहिले दर्शन चकित करते. गावाबाहेर पडून काही वेळ पठारावरून चालत राहावे, आता असेच माळरान लागत राहणार असे वाटावे, आणि अचानक पायाखालची जमीन तुटून समोर झाडीने भरलेली दरी उघडावी, असा हा प्रदेश आहे. पळस, धावडा आणि जागोजागी सीताफळीची झुडपे दिसतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ऑक्टोबर हा त्याचा ऐन हंगाम असतो. वाटाड्याने एक फळ न तोडता अलगद फिरवून आम्हाला दाखवले. त्याच्या डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पांढरट-पिवळ्या झाल्या होत्या. डोळे उघडले की फळ काढायचे, त्याआधी काढले तर ते नुसते काळे पडते, असे त्याने समजावले. पुढच्या उतारावर लहान मुले प्रत्येक झुडपाशी थांबून फळांचे डोळे तपासत होती.

चालण्याची व्यवस्था चोख होती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आम्ही 38 जण होतो आणि त्यांत बारा वर्षांच्या मुलीपासून सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांपर्यंत सर्व वयाची मंडळी होती. एक कार्यकर्ता सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे, हा नियम दिवसभर पाळला गेला. मुरमाड उतारावर पाय घसरतो, तिथे दोघांनी उभे राहून प्रत्येकाला हात दिला. चप्पल घालून आलेल्या तिघांचे मात्र फार हाल झाले. बुटांची सूचना आदल्या दिवशीच्या निरोपात ठळकपणे द्यायला हवी होती.

या पदभ्रमणाचे सार्थक मुकुंदराजांच्या समाधीपाशी झाले. मराठीचे आद्यकवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके 1110 म्हणजे इ.स. 1188 चा मानला जातो. ज्ञानेश्वरी त्यानंतर 102 वर्षांनी, इ.स. 1290 मध्ये सिद्ध झाली. शाळेत आपण हे एका वाक्यात शिकतो आणि विसरतो. इथे मंडळातील एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला सावलीत बसवून ग्रंथातील निवडक ओव्या आधी सलग वाचल्या आणि मग एकेक ओवी घेऊन तिच्यातील जुन्या शब्दांचा आज आपण वापरतो त्या शब्दांशी असलेला संबंध उलगडला. पहिल्या वाचनात फारसे काही कळले नव्हते. दुसऱ्या वाचनात गुरू शिष्याला अद्वैत समजावून सांगतो आहे, हे शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीलाही समजले, कारण तिने मध्येच प्रश्न विचारला. बाईंनी ‘आपण’ शब्दाचे आत्मा आणि आपण स्वतः हे दोन्ही अर्थ सांगितल्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही. जैत्रपाळ राजाची दंतकथाही त्यांनी छान रंगवून सांगितली. रिकिबीत पाय ठेवल्यापासून घोड्यावर बसेपर्यंत ब्रह्म दाखवा, अशी त्या राजाची अट होती आणि ज्यांना ते जमत नसे त्या साधूंना तो कामाला जुंपत असे.

एक उणीव मात्र मला खटकली. विवेकसिंधूच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि मुकुंदराजांचे स्थान अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरा, हा वादही जुना आहे. त्याचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. श्रद्धेच्या जागी वादाचा विषय नको, असा विचार झाला असेल तर तो मला पटत नाही. दोन ठिकाणच्या लोकांना एकच कवी आपला वाटावा, हे ऐकायला कोणालाही आवडले असते.

बुट्टेनाथाच्या दरीकडील टप्पा शांत आणि सुंदर होता. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पिठले असे घरचे जेवण मिळाले.

तक्रार आहे ती संतकवी दासोपंतांच्या भागाविषयी. माहितीपत्रकात ‘पासोडीचे दर्शन’ असे स्पष्ट छापले होते. ‘गीतार्णव’ या गीतेवरील टीकेच्या सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्या आणि रोज एक ढब्बू पैशाची शाई संपवणारे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कवीने सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर, म्हणजेच पासोडीवर, ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषयक ग्रंथ लिहिला. सोलापूरच्या माणसाने तर ही पासोडी पाहायलाच हवी. प्रत्यक्षात संयोजकांनी त्यासाठी आधी विनंतीच केलेली नव्हती. सकाळच्या उशिरामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता, आणि इतके जुने, नाजूक कापड ऐनवेळी आलेल्या 38 जणांसमोर उलगडले जाणार नाही, हे उघड होते. दासोपंतांच्या समाधीचे दर्शन घेऊन वीस मिनिटांत निघावे लागले. सोलापूरच्या पूर्वभागात तीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणलेले एक काका आमच्यात होते आणि ते केवळ या कापडासाठी आले होते. परतताना बसमध्ये त्यांनी मला हिशेब सांगितला : “आपली एक चादर साडेसात फुटांची धरा सर. अशा पाच एकापुढे एक अंथरल्या तरी पासोडी उरतेच. एवढ्या लांब कापडावर ओळ सरळ कशी ठेवली असेल, तेवढंच मला बघायचं होतं.”

मी हे सर्व मंडळाला लेखी कळवले. चार दिवसांत उत्तर आले. त्यांनी चूक मान्य केली, पुढील फेरीत पंचवीसच माणसे नेण्याचे आणि पासोडीसाठी आधी परवानगी घेण्याचे कबूल केले. चालणे आणि ओव्यांचे वाचन यांसाठी हे शुल्क मला वाजवी वाटते. ज्यांना पासोडी पाहायची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी परवानगी मिळाली आहे का, हे विचारून घ्यावे. परवानगीचे पत्र हाती आले की कळवा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. तेव्हा मी दोन जागा घेणार आहे आणि त्यांतली एक त्या काकांसाठी असेल.