मॅकबुक एअर पातळ आहे, पण रोजच्या कामाला पुरतो का?

भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम. लॅपटॉप रोज आठ-नऊ तास उघडा असतो, आणि महिन्यातून दोनदा तो पाठीवर घेऊन मी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकहून मुंबईला जाते. आधीचा लॅपटॉप सव्वादोन किलोचा होता. झूमवर बैठक सुरू झाली की त्याचा पंखा घोंघावायचा, आणि ‘कर्तृत्व’ टाइप केलं की अक्षरं क्षणभर थांबून मग उमटायची. दिवसभर असं काम केलं की डोकं शिणतं.

म्हणून ॲपलचा मॅकबुक एअर घेतला. २०२० मध्ये आलेलं एम१ चिपचं मॉडेल, ८ जीबी रॅम (चालू कामं एकाच वेळी हाताशी ठेवणारी मेमरी), वजन १.२९ किलो. घेताना धाकधूक होती. एवढंसं यंत्र, आत पंखासुद्धा नाही, माझं काम ओढेल का?

पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम सगळं एकदम उघडलं. चारशे पानांची वर्ड फाइल, तीत संपादकांच्या लाल दुरुस्त्या, क्रोमचे वीसेक टॅब, मूळ पुस्तकाची पीडीएफ आणि वरून झूम. शेजारी ॲक्टिव्हिटी मॉनिटर हे मॅकमधलंच ॲप लावून त्यातला मेमरी प्रेशरचा, म्हणजे रॅमवर किती ताण आहे ते दाखवणारा आलेख बघत बसले. नुसतं लिखाण चालू असताना तो हिरवा राहिला. झूम आल्यावर पिवळा झाला, म्हणजे ताण वाढला, पण ‘कर्तृत्व’ बोटांबरोबरच उमटत होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

बॅटरीचं सुख वेगळंच. सकाळी नाशिकरोडला गाडीत बसल्यापासून संध्याकाळी परतीच्या गाडीपर्यंत काम होतं, चार्जर घरीच राहतो. मांडीवर घेतला तरी लिखाणात तापत नाही.

मर्यादाही नीट समजून घ्या. पंखा नसल्यामुळे बराच वेळ जड काम चाललं, म्हणजे लांबलचक व्हिडिओ वगैरे, की चिप उष्णता आवरायला स्वतःचा वेग कमी करते. रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी पंख्याचंच मॉडेल बघावं. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून टॅब बंद करायची सवय नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्या. पोर्ट दोनच आणि दोन्ही यूएसबी-सी, त्यामुळे प्रेसवाल्यांच्या पेनड्राइव्हसाठी पिशवीत एक हब (जास्तीचे पोर्ट देणारा जोड) ठेवावाच लागतो.

मराठीत काम करणाऱ्यांना एक सांगायचंय. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक यात मुळातच आहे. सेटिंगमध्ये जाऊन चालू केला की झालं, युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखंच दिसणारं देवनागरी, झकास चालतं. पण प्रेसकडून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतली फाइल आली तर मी ती आधी युनिकोडमध्ये करून मागते. ते काम विंडोजवाल्याकडेच सोपवलेलं बरं.

गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, मावशी, मीपण हाच घेऊ का? ती बी.कॉम.ला आहे, सुट्टीत एका सीएंकडे जाते. तिथे दिवसभर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅली मॅकवर थेट चालत नाही, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. मी तिला म्हटलं, तू विंडोजचाच घे, दीड किलोच्या आतला बघ आणि रॅम १६ जीबी. शनिवारी आम्ही दोघी मेनरोडला बघायला जाणार आहोत.