क्रोक पार्कची फेरी : मिक ओ'ड्वायर यांचा माग काढत

डब्लिनमधील क्रोक पार्क हे गेलिक खेळांचे, म्हणजे गेलिक फुटबॉल, हर्लिंग अशा आयर्लंडच्या पारंपरिक खेळांचे, मुख्य मैदान असून तेथील संग्रहालय आणि मार्गदर्शकासोबतची स्टेडियमची फेरी तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करून देते. मात्र गेलिक फुटबॉल मुळीच ठाऊक नसलेल्या पाहुण्याने आधी एखाद्याची कारकीर्द वाचून जावे, नाहीतर जर्सी आणि चषक पाहताना नेमके काय पाहत आहोत हे उमगत नाही. मी त्यासाठी केरी परगण्याच्या संघाचे प्रशिक्षक मिक ओ'ड्वायर (1936–2025) यांची निवड केली होती.

संग्रहालयातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड विजेत्या परगण्याला दिला जाणारा मूळ सॅम मॅग्वायर चषक. आर्डा येथे सापडलेल्या प्राचीन चषकाच्या धर्तीवर घडवलेला हा चांदीचा चषक 1928 मध्ये प्रथम दिला गेला आणि 1988 पासून त्याच्या जागी नवा आला. ओ'ड्वायर यांच्या केरीने 1975 ते 1986 या काळात जिंकलेली आठही अखिल आयर्लंड विजेतेपदे याच चषकाची. तो सर्वप्रथम उचलला किल्डेअरने, आणि त्यानंतर त्या परगण्याला सॅम मॅग्वायर चषक पुन्हा कधीच मिळाला नाही. केरी सोडल्यावर ओ'ड्वायर नेमके त्याच किल्डेअरकडे गेले, हे माहीत असले की काचेपलीकडची ती चांदी वेगळीच दिसू लागते.

1998 मध्ये त्यांनी किल्डेअरला 42 वर्षांनी लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद मिळवून दिले, उपांत्य सामन्यात स्वतःच्याच केरीला हरवले आणि 1935 नंतर प्रथमच संघाला अंतिम सामन्यात नेले. तेथे गॉलवे परगण्याने चार गुणांनी मात केली. किल्डेअरच्या त्या संघात ओ'ड्वायर यांचा मुलगा कार्लही होता. पुढे 2003 मध्ये लीश परगण्यालाही त्यांनी 57 वर्षांनी लेन्स्टर जिंकून दिले. माझ्या मते आठ चषकांपेक्षा या दोन कामगिऱ्या त्यांची पारख अधिक चांगली करतात, कारण केरीत गुणवान खेळाडूंची वानवा कधीच नव्हती.

फेरीत खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्या, मैदानात जाणारा बोगदा आणि मैदानाची कड दाखवली जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे स्टेडियम 1990 च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने नव्याने उभारलेले असल्यामुळे ओ'ड्वायर यांच्या केरीच्या काळातील वास्तू जवळजवळ उरलेली नाही. तरीही कडेला उभे राहिल्यावर 1982 चा अंतिम सामना आठवतोच. सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या केरीविरुद्ध ऑफली परगण्याचा बदली खेळाडू शेमस डार्बी याने अखेरच्या मिनिटांत गोल केला. गोलाचे तीन गुण धरता निकाल 18–17 लागला आणि तो विक्रम हुकला.

क्रिकेटच्या लिलावांची सवय झालेल्या आपल्या वाचकाला सर्वांत नवल वाटेल ते हे, की 82,300 प्रेक्षकांच्या या मैदानात उतरणारे खेळाडू हौशी असतात. त्यांना खेळण्याचे वेतन मिळत नाही. ओ'ड्वायर स्वतः वॉटरव्हिल गावात गॅरेज आणि हॉटेलचा व्यवसाय सांभाळत असत. दिवसभराचे काम आटोपून आलेल्या माणसांकडून त्यांनी करून घेतलेला धावण्याचा कठोर सराव मात्र काचेच्या कपाटात मांडता येण्यासारखा नाही, आणि संग्रहालयाची मर्यादा मला येथेच जाणवते.

21 नोव्हेंबर 1920 रोजी, आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ब्रिटिश सुरक्षा दलांनी याच मैदानात केलेल्या गोळीबारात 14 जणांचा बळी गेला. टिपररी परगण्याचा खेळाडू मायकेल होगन त्यांपैकीच एक, आणि होगन स्टँड त्याच्याच नावाचा. फेरीतील या इतिहासाच्या भागाला घाई न करता वेळ द्यावा. मुलांसाठी हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाची काठी फिरवून पाहण्याची आणि चेंडू मारून पाहण्याची सोय आहे. छतावरील फेरी वेगळी असते. उंचीची भीती असणाऱ्यांनी ती वगळली तरी फारसे बिघडत नाही. सामन्याच्या दिवशी स्टेडियमची फेरी बंद असते, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच तिकीट काढावे.