नातीचं जोडनाव चांदीच्या वाटीवर: भांडी बाजारातल्या नाव टाकणाऱ्या काकांचा अनुभव

माझ्या नातीचं नाव मेरी तारा. शब्द दोन, नाव एकच. हे नाशिकमध्ये मी गेल्या दोन महिन्यांत किती जणांना समजावलं त्याची गणती नाही. एका वाक्यात ज्यांना कळलं आणि ज्यांनी ते हाताने करून दाखवलं, ते भांडी बाजारात भांड्यांवर नावं टाकून देणारे एक काका. त्यांच्याकडून वाटी करून घेतली, म्हणून हे लिहिते आहे.

लेक साउथ कॅरोलिनात ग्रीनव्हिलला असते, जावई तिथलेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडे मुलींना जोडनाव ठेवायची जुनी रीत आहे: मेरी बेथ, अ‍ॅना केट, सेरा जेन. आजी-पणजीचं नाव पुढे चालवायचं म्हटलं की एकाच घरात तीन मेरी होतात, मग कोणती मेरी ते दुसऱ्या शब्दावरून कळतं. हाक दोन्ही शब्दांनी मारायची, अर्ध्यावर तोडायची नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकलेली वेस्ट व्हर्जिनियाची मेरी लू रेटन आठवते का? तिला नुसतं ‘मेरी’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

‘मेरी’ जावयांच्या पणजीचं, ते ठरलेलंच होतं. दुसरा शब्द आमच्याकडचा घ्यायचा होता. मला माझ्या आजीचं ‘गोदा’ फार हवं होतं. नाशिकच्या मुलीने दुसरं काय मागावं? पण तिकडे ते ‘गॉडा’ वाचतील, असं लेक म्हणाली आणि मला पटलं. मग मी रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून नावं मोठ्याने म्हणून बघायला लागले. ‘मेरी उमा’ म्हणताना ई आणि उ एकमेकांत मिसळून ‘मेरियुमा’ होतं. ‘मेरी रमा’त दोन र लागोपाठ येतात, जीभ अडखळते. ‘मेरी शकुंतला’ लांबतं. तिकडचा दुसरा शब्द आखूड असतो, बेथ, केट, जेन असा. ‘मेरी तारा’ म्हटलं की त वर जीभ टेकते आणि दोन्ही शब्द स्वच्छ ऐकू येतात. तारा माझी आई. ज्यांना मूल व्हायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कागदावर नाव ठरवू नका. ‘अगं मेरी तारा, जेवायला ये’ असं दहा वेळा ओरडून बघा.

बारशाला पाठवायला चांदीची वाटी घेतली. आधी एका लेझरवाल्या दुकानात गेले. तिथे इंग्रजी अक्षरांचे वीस नमुने, पण देवनागरी टाइप केलं तर ‘री’ची वेलांटी अक्षरापासून सुटून बाजूला पडलेली. चालतं हो, म्हणाले. मला चालत नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर मुलांच्या वेलांट्या सुधारल्या आहेत मी.

सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे वळलं की एका ओट्यावर हे काका बसतात. दुकानाला पाटी नाही, ‘नाव टाकून मिळेल’ एवढं पत्र्यावर रंगवलेलं. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी वाचली आणि विचारलं, “तारा आईचं नाव का, ताई?” प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे दुसरा शब्द बापाचा असायचा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं. मी म्हटलं, नाही, दोन्ही मिळून बाळाचंच नाव. तेव्हा ते हसले, “मग मेरी म्हणजे हिंदीतलं मेरी. माझी तारा.” हे आम्हा कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या ओट्यावर उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले.

पुढचा प्रश्न त्यांचाच: दोन शब्दांत जागा सोडायची, की मध्ये रेघ टाकायची, की चिकटवून लिहायचं? लेकीने हॉस्पिटलच्या फॉर्मवर पहिल्या नावाच्या चौकटीत दोन्ही शब्द जागा सोडून लिहिले होते, म्हणजे दुसऱ्या शब्दाला कुणी मधलं नाव समजू नये. तिकडच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या बाळांच्या नावांच्या आकडेवारीत तर जागा आणि रेघ दोन्ही काढूनच टाकतात. काकांनी स्टीलच्या तुकड्यावर तिन्ही नमुने काढून दाखवले, आणि चौथा स्वतःच्या मनाने: ‘मेरी’ आणि ‘तारा’ यांच्यात जरा अंतर, पण वर शिरोरेखा एकच, सलग. इंग्रजीत हे करताच येणार नाही. मी लगेच हो म्हटलं.

काम छिन्नी-हातोडीचं, मशीनचं नव्हे. नाव बाहेरच्या बाजूने टाकू, असं तेच म्हणाले. आत टाकलं तर खीर खाचांत अडकते. वाटी पातळ होती, म्हणून आतून लाकडाचा ठोकळा लावला. अक्षराची जाडी सगळीकडे सारखी, वेलांटी अशी भरदार की मी विद्यार्थ्याला दहापैकी दहा दिले असते. मजुरी शंभर रुपये, आणि नमुन्यांचा एक पैसाही घेतला नाही.

उणिवाही सांगते. दुपारी चारला देतो म्हणाले होते, मिळाली दुसऱ्या दिवशी. फोन ते उचलत नाहीत. कोरल्यावर पॉलिश करून देत नाहीत, शिरोरेखेत काळपट राहिलं होतं ते मी घरी रांगोळीने घासून काढलं. गाडी तिथवर जात नाही, रविवार कारंजावर सोडून चालत जा. आणि गोदेला पूर असेल तर जाऊच नका, सराफ बाजारात पाणी शिरतं.

चमचा अजून व्हायचा आहे. सातव्या महिन्यात उष्टावण, तोवर पोचायला हवा. त्याच्या दांड्यावर जागा अगदी थोडी. नुसतं ‘तारा’ टाकू का, असं काकांनी विचारलं. मी नाही म्हटलं. अक्षरं बारीक करा, पण दोन्ही शब्द हवेत. ते म्हणाले, बुधवारी या, ऊन चांगलं असताना बसून करतो.