जुनं जर्मन पोलाद म्हणून गळ्यात मारलेलं पिस्तूल

मुंबईत सेकंडहँड एअर पिस्तूल शोधणाऱ्या पालकांसाठी लिहितोय. पॅरिसला 2024मध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्या मुलीला दुसरं काही सुचत नाही. क्लबच्या पिस्तुलावर बरेच दिवस काढले, आता स्वतःचं हवं. आयात केलेलं नवं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, दीड-दोन लाखांच्या घरात जातं. त्यामुळे जुन्या मालाकडे वळणारे आमच्यासारखे बरेच, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

मुलुंडला त्याच्या घरी गेलो. माणूस बोलायला गोड. टेबलावर दोन पिस्तुलं मांडून ठेवलेली. एक जर्मन कंपनीचं फाइनवर्कबाऊ 65, म्हणजे 1965च्या सुमारास आलेलं. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग भरायची, आणि छर्रा सुटताना सगळी यंत्रणा रुळावरून मागे सरकून झटका स्वतःच गिळते. दुसरं हल्लीचं, स्वस्तातलं, प्लास्टिकच्या अंगाचं. "काका, हातात घेऊन बघा. हे पोलाद आणि हा डबा." मग खिशातून चुंबक काढून एकाला चिकटवला, दुसऱ्यावरून घसरू दिला. वर पुन्हा, "टोकियोला ऐन पात्रता फेरीत मनूचं पिस्तूल बिघडलं ना? नवा माल म्हणजे हे असं."

65ची बनावट दणकट आहे, यात वादच नाही. तसली पिस्तुलं चाळीस-चाळीस वर्षं वापरात आहेत. पण त्याने तुलना लावली ती प्लास्टिकच्या खेळण्याशी, आणि विकलं तिसरंच: वीसेक वर्षांपूर्वीचं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं जर्मन मॅच पिस्तूल, सोबत दोन सिलिंडर. "तीच कारागिरी, काका." ऐंशी हजार. मुलीने ट्रिगर दाबून पाहिला, लोण्यासारखा. "असा ट्रिगर आता बनत नाही, ताई." बिल मागितलं तर म्हणे, याला लायसन लागत नाही, मग कागद कशाला? लायसनचं त्याचं बरोबर आहे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरचं, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येतं. पण परवाना वेगळा नि बिल वेगळं, आणि बिल नसलं की पिस्तूल कोणत्या सालचं हे विकणाऱ्याच्या तोंडावर राहतं.

वरळीच्या नेमबाजी रेंजवर आर्मररने, म्हणजे तिथल्या पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याने, पिस्तुलाकडे बघितलंच नाही, आधी सिलिंडर उचलला. त्यावर 'टेस्टेड 2023' असं स्टिकर होतं. त्याने कडेला नख घालून ते सोललं. खाली कानशीने घासलेला पट्टा, त्यात ठोकलेल्या तारखेतले शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येत होते: 04. "हा मी भरणार नाही." दुसऱ्यावरही तेच.

या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच बार असते. दर भरण्याला धातू ताणला जातो, म्हणून जर्मन कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांचं आयुष्य देतात आणि तारीख त्यावरच ठोकतात. पिस्तुलाचं बाकीचं अंग कितीही मजबूत असो, सिलिंडरची मुदत त्याने वाढत नाही. चुंबकाचा खेळ तर निव्वळ तमाशा. मॅच पिस्तुलाला 1500 ग्रॅमची मर्यादा आहे, तोल साधायचा असतो, म्हणून चांगल्या पिस्तुलातही ॲल्युमिनियम भरपूर असतं.

ट्रिगरचं त्याहून वाईट. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे नळी उभी धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावतात, आणि ते उचललं गेलं पाहिजे. आमचा ट्रिगर वजन उचलायच्या आधीच सुटला. आर्मररने स्क्रूने दाब वाढवून पाहिला, तरी तेच. मग छर्रा न घालता कॉक करून, म्हणजे झाडायला सज्ज करून, ग्रिप मॅटवर हलकेच आपटली. खट्! बोट ट्रिगरपासून लांब होतं. उघडल्यावर दिसलं की खाच धरणारी कड कोणीतरी पॉलिश पेपरने गोल करून टाकली होती. स्क्रूची तोंडंही चावलेली. ज्याला आम्ही जुनी कारागिरी समजून दाद देत होतो ते हे. भरलेलं पिस्तूल पोरीच्या हातात असं सुटलं असतं तर?

फोन केला तर, "काका, तुम्ही बघून घेतलंत ना?" आणि नंबर ब्लॉक. पोलीस ठाण्यात आधी दिवाणी मामला म्हणून वाटेला लावत होते. चॅटमध्ये त्याने 'सिलिंडर 2023चे' असं लिहिलेलं होतं, ते आणि यूपीआयची पावती पुढे ठेवली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318खाली फसवणुकीचा अर्ज घेतला. तेव्हा विकणारा जे काही तोंडाने सांगेल ते मेसेजवर लिहून घ्या. सिलिंडरवर ठोकलेल्या तारखेचा उजेडातला फोटो आधी मागवा. स्टिकर ही तारीख नव्हे. आणि व्यवहार रेंजवरच, आर्मररसमोर, वजन लावून झाल्यावर. रेंजवर यायला जो कां कू करेल त्याला तिथूनच नमस्कार करा.

अर्ज अजून पडून आहे. नळी उत्तम आहे असं आर्मरर म्हणतो. पण दोन नवे सिलिंडर आणि ट्रिगरचे सुटे भाग यांचा जो आकडा आयातदाराने दिला, तो ऐंशी हजारांत मिळवला की नवं पिस्तूल फार लांब राहत नाही.