खेळताना मनात काय म्हणायचं: सूचना, धीर की विचारांना वाट मोकळी?

माझ्याकडे बॅडमिंटन शिकायला येणारी मुलं आणि पहाटे माझ्याबरोबर पळणारी मोठी माणसं कधी ना कधी एकच प्रश्न विचारतात: खेळताना मनात नेमकं काय म्हणायचं? दोघांना मी वेगवेगळी उत्तरं देते. वाटा मुख्यतः तीन आहेत: स्वतःला सूचना द्यायची, स्वतःला धीर द्यायचा, किंवा येतील ते विचार येऊ द्यायचे आणि हातातलं काम करत राहायचं. कोणती वाट कोणासाठी, ते सांगते.

आधी एक शंका मिटवू. स्वतःशी बोलून खेळात फरक पडतो का? पडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ३२ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात एकूण परिणाम ०.४८ इतका, म्हणजे मध्यम निघाला. नेम आणि नाजूक हालचालींच्या कामात फायदा जास्त दिसला, नव्याने शिकलेल्या कौशल्यात जास्त दिसला, आणि ज्यांनी असं बोलण्याचा आधी सराव केला होता त्यांना जास्त झाला. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. वर्षभर फक्त हातापायांचा सराव करायचा आणि स्पर्धेच्या सकाळी एखादं जोरदार वाक्य शोधायचं, याचा तेवढा उपयोग होत नाही.

सूचना की धीर?

माझ्या एका विद्यार्थिनीची शॉर्ट सर्व्हिस सरावात सुरेख जायची, शटल पांढऱ्या पट्टीला जेमतेम न शिवता पलीकडे. सामन्यात १९-२० झालं की तीच सर्व्हिस जाळीत. मी विचारलं, "सर्व्हिस करताना मनात काय म्हणतेस?" ती म्हणाली, "ताई, मी सारखं म्हणते, जाळीत मारू नकोस, जाळीत मारू नकोस."

हे वाक्य नीट ऐका. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. "जाळीत मारू" एवढं म्हणून होतं तेव्हा डोळ्यांपुढे जाळी उभी राहिलेली असते, आणि "नकोस" मागून येतं. हा फक्त भाषेचा खेळ नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलण्यावर, प्रयोग केला होता. चेंडू खुणेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं लोकांना बजावलं, आणि त्याच वेळी डोक्यावर दुसऱ्या कामाचा भार टाकला, तेव्हा चेंडू नेमका पुढेच जाऊ लागला. जी चूक टाळायची तिच्यावर मन पहारा ठेवतं आणि ताण वाढला की त्या पहाऱ्यातूनच ती चूक घडते.

आम्ही तिचं वाक्य काढून एक शब्द ठेवला: "पट्टीवरून." श्वास सोडताना म्हणायचा आणि सर्व्हिस करायची. सर्व्हिस अजूनही चुकते, पण पूर्वीसारखी एकापाठोपाठ एक जाळीत जात नाही.

नेमबाजी, तिरंदाजी, सर्व्हिस, बास्केटबॉलमधला फ्री थ्रो, पटिंग अशा कामांसाठी मी डोळे झाकून सूचनेच्या बाजूने आहे. इथे "चल, तू करू शकतेस" म्हणून हात स्थिर होत नाही. उलट अंगात जोर चढतो आणि शटल लांब जातं.

सूचनेत एक धोका मात्र आहे, आणि तो जाणत्या खेळाडूला जास्त. रिच मास्टर्स या संशोधकाने १९९२ साली दाखवलं की ज्यांना पटिंग नियमांच्या यादीसह शिकवलं होतं, त्यांची कामगिरी दडपणाखाली जास्त घसरली. जी हालचाल आपोआप होत होती तिच्यात डोकं घातलं की ती तुकड्यातुकड्यांत होऊ लागते. म्हणून "मनगट वळव, कोपर आत, खांदा खाली" अशी जंत्री नको. एकच शब्द हवा, आणि तो शक्यतो शरीराबाहेरच्या गोष्टीकडे बोट दाखवणारा: पट्टी, रिंग, लक्ष्य. गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या संशोधनातून हेच पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. लक्ष अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं, तर कौशल्य बरं शिकलं जातं आणि बरं टिकतं.

आता पळणाऱ्यांकडे येऊ. दहा किलोमीटरच्या शर्यतीत आठव्या किलोमीटरला माझे पाय सूचना ऐकायच्या मनःस्थितीत नसतात. "खांदे सैल" एवढीच एक सूचना मी ठेवली आहे, बाकी सगळा धीर. दमश्वासाच्या खेळात प्रश्न तंत्राचा कमी आणि "आता बस" म्हणणाऱ्या आवाजाचा जास्त असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांवर दमेपर्यंत सायकल चालवायला लावलं. त्यातल्या एका गटाला दोन आठवडे स्वतःला धीर देणारी वाक्यं वापरायला शिकवली. त्या गटाचा टिकण्याचा सरासरी वेळ ६३७ सेकंदांवरून ७५० सेकंदांवर गेला, आणि वाटणारे कष्टही कमी झाले. ताकद तीच होती, फक्त थांबण्याचा निर्णय लांबला.

"मी" की "तू"?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नाही. २०१९ च्या एका अभ्यासात दहा किलोमीटर सायकलिंग करणारे पुरुष "मी" म्हणून बोलले त्यापेक्षा "तू" म्हणून बोलले तेव्हा जास्त वेगाने गेले. स्वतःला दुसऱ्यासारखी हाक मारली की स्वतःपासून थोडं अंतर मिळतं आणि सल्ला देणं सोपं जातं.

मराठीत मात्र जपून. आपण स्वतःला "तू" म्हणतो ते बहुतेक वेळा रागावताना: "अगं, काय करतेस! लक्ष कुठंय तुझं?" त्यामुळे नुसतं "तू" वापरून भागत नाही, सूरही बदलावा लागतो. जोडीदाराचा पॉइंट गेल्यावर तिला जे म्हणाल आणि ज्या सुरात म्हणाल, तेच स्वतःला म्हणा.

विचारांना वाट मोकळी

तिसरी वाट मनाशी वाद घालून दमलेल्यांसाठी आहे. "मी हरणार" असा विचार आला की तो खोडायला "नाही, मी जिंकणारच" म्हणायचं, मग त्यावर आतून उत्तर येतं, आणि एका सामन्यात दोन सामने सुरू होतात. अशा खेळाडूला मी सांगते, विचार आला, दिसला, आता शटल बघ. तो खोटा ठरवायची गरज नाही.

वाईट विचारांची धास्तीही आपण जरा जास्तच घेतो. १९९४ साली २४ कुमार टेनिसपटूंचं निरीक्षण झालं, त्यात नकारात्मक बोलणं आणि हरणं एकत्र दिसलं. पण हरत असल्यामुळे ते तसं बोलत होते का, हे निरीक्षणातून कळत नाही. २०११ च्या दुसऱ्या एका आढाव्यात नकारात्मक बोलण्याने कामगिरी खालावते असं ठामपणे दिसलं नाही. ही वाट सावकाश फळते. रोज काही मिनिटं शांत बसून विचार येऊ-जाऊ देण्याचा सराव करायचा, तोही कित्येक आठवडे. पुढच्या रविवारी स्पर्धा असेल तर आत्ता ही निवडू नका.

माझा कौल असा: नेमाचा खेळ असेल तर सूचना, दमाचा किंवा जोराचा असेल तर धीर. बॅडमिंटन, टेनिस यांसारख्या खेळांत दोन्ही लागतात, पण एकाच वेळी नाही. मोठ्या टेनिस स्पर्धांत दोन पॉइंट्सच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. त्यातला पहिला भाग गेलेल्या पॉइंटबद्दल स्वतःला धीर द्यायला, शेवटचे काही क्षण त्या एका शब्दाला.

तरीही ठरत नसेल तर मोजून बघा. वीस सर्व्हिस तुमच्या नेहमीच्या वाक्यावर, वीस एका सूचनेच्या शब्दावर, वीस धीराच्या वाक्यावर, आणि किती बरोबर पडल्या ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, म्हणजे थकव्याचा दोष शब्दावर जाणार नाही. आठवडाभर हे केलंत की कोणता शब्द ठेवायचा ते तुमच्या वहीतच दिसेल.