जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा : एक अभिप्राय

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात असलेल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 मध्ये जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांतील ‘कम्युनिटी चॉइस’ हा सन्मान लोकांच्या मतदानातून मिळाला, तेव्हा सरकारी मराठी शाळांविषयी आस्था असलेल्या प्रत्येकाचा ऊर भरून आला असेल. माझ्या लेखी मात्र तिचे मोल पुरस्काराहून अधिक ‘विषयमित्र’ पद्धतीत आहे. एखादे मूल भागाकारात अडले, तर ज्याला तो भाग चांगला समजला आहे असे दुसऱ्या वयोगटातील मूल त्याच्या शेजारी बसते आणि शिकवता शिकवता त्याचीही उजळणी होते. हे वर्गांच्या भिंती सैल केल्याशिवाय साधत नाही, आणि त्यासाठी पालकांचा विश्वास लागतो.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. पण अनेक गावांत ही समिती ठरावावर सह्या करण्यापुरती उरते. येथे ग्रामस्थ शाळेला आपली मानून हातभार लावतात, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. एक काळजी मात्र बोलून दाखवायलाच हवी : मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांनी पूर्वी वाबळेवाडीची शाळाही अशीच नावारूपाला आणली होती, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतच असतात. म्हणून पुढच्या शिक्षकांची आणि तरुण पालकांची घडण आतापासूनच व्हावी, अशी मनापासून इच्छा आहे.